वही दुकानदाराची, किल्ली दुसऱ्याची

२२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक मालापुरते संपले. ५ आणि १८ हे दोन मुख्य दर राहिले. जीएसटी परिषदेचा निर्णय ३ सप्टेंबरला जाहीर झाला होता. म्हणजे तयारीला तीन आठवडेही नव्हते, आणि तेही गणपतीच्या धामधुमीत सुरू होऊन पितृपक्षात संपलेले. तूप-लोणी १२ वरून ५ वर आलं, साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ वर, शाळेच्या वह्या-पेन्सिली शून्यावर, सिमेंट २८ वरून १८ वर. बऱ्या चाललेल्या किराणा दुकानाच्या आयटम मास्टरमध्ये, म्हणजे बिलिंग प्रोग्रॅममधल्या मालाच्या यादीत, दोन-तीन हजार नोंदी सहज असतात आणि प्रत्येक नोंदीला तिचा दर जोडलेला असतो. हे दर बदलले कोणी? माझ्या माहितीतल्या बहुतेक दुकानांत मालकाने नाही, काउंटरवरच्या मुलानेही नाही. सगळे सॉफ्टवेअरवाल्याच्या फोनची वाट बघत होते. आणि मग वाद पेटला. शहाणी मंडळी म्हणू लागली, जीएसटी येऊन आठ वर्षं झाली, अजून तुम्हाला दर बदलता येत नाहीत? कॉम्प्युटर शिका जरा. व्यापारी मंडळांच्या बैठकांत नेमका उलटा सूर होता: सॉफ्टवेअरवाले लुटारू आहेत, सरकार त्यांना आमच्या गळ्यात बांधतंय.

हा वाद गेली कित्येक वर्षं याच दोन वाक्यांत अडकून पडला आहे आणि मला दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडताना दिसतात. दुकानदाराला कॉम्प्युटर चालवता येतो की नाही, हा दुय्यम प्रश्न आहे. विक्रेता महाग आहे की स्वस्त, हाही दुय्यम. खरा प्रश्न एवढाच, की दुकानाचा हिशेब दुकानदाराच्या ताब्यात आहे का? उद्या त्याला तो उचलून दुसरीकडे न्यायचा झाला, तर नेता येईल का? नेता येत असेल तर त्याला एक्सेलचं एकही सूत्र आलं नाही तरी तो स्वतंत्र आहे. नेता येत नसेल तर त्याच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं लावलेली असोत, तो बांधलेला आहे.

हिशेबाचं काम दुसऱ्यावर सोपवण्यात गैर काय, हे म्हणणं मी हलक्यात घेत नाही. कामाची वाटणी ही काही लाजिरवाणी गोष्ट नाही. पूर्वी पेढीवर दिवाणजी असायचा. कीर्द लिहिणं, खतावणी करणं, ताळेबंद काढणं त्याचं काम. शेटजींना खतावणी यायलाच हवी असा आग्रह कोणी धरला नाही. दुकानदार वजनकाटाही स्वतः बनवत नाही. पण इथेच एक फरक आहे आणि तो कोणी बोलत नाही. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. इलेक्ट्रॉनिक काटा वर्षातून एकदा पडताळून घ्यावा लागतो, नाही घेतला तर दंड होतो. दुकानदाराला काट्याच्या आतलं कळत नाही म्हणूनच तर कोणा त्रयस्थाने तो तपासावा अशी व्यवस्था आपण उभी केली. दिवाणजी सोडून गेला तरी वह्या पेढीवरच राहायच्या आणि नवा दिवाणजी त्या उघडून वाचू शकायचा. आज रोज शेकडो बिलांवर कर आकारणाऱ्या प्रोग्रॅमला ना शिक्का आहे, ना जाताना वही मागे ठेवण्याची अट.

सॉफ्टवेअर विक्रेत्यांची बाजूही ऐकली पाहिजे, आणि मोठ्या कंपन्यांची सोडा, मी तालुक्याच्या गावातल्या डीलरबद्दल बोलतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पोर्टल रोज कोलमडत होतं, फॉर्म महिन्याला बदलत होते, आणि रात्री साडेदहाला फोन उचलून दुकानदाराला धीर देणारा माणूस सरकारी नव्हता, तो हा डीलर होता. त्याचे पैसे वेळेवर कोण देतं? चोरीची कॉपी वापरायची, अडलं की फुकट विचारायचं आणि एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभालीच्या पैशांचं, नाव काढलं की पुढच्या महिन्यावर ढकलायचं, हा आपल्या बाजाराचा जुना रिवाज आहे. प्रोग्रॅमला डोंगल (कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय प्रोग्रॅम न चालणारी चावी) लागले, कुलपं लागली, ती बऱ्याच अंशी यामुळे. हे सगळं खरं आहे. पण प्रोग्रॅमला कुलूप लावणं वेगळं आणि त्या प्रोग्रॅमात मी भरलेल्या माझ्या उधारीला कुलूप लावणं वेगळं. पहिलं विक्रेत्याच्या मालाचं रक्षण आहे. दुसऱ्याला काय म्हणायचं?

आमच्या तालुक्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानाचं घ्या. मालक दुसऱ्या पिढीतला, खिळ्याचं माप हाताने सांगणारा. डीलरने एएमसी वाढवली आणि फोन उचलणं कमी केलं, म्हणून त्याने सॉफ्टवेअर बदलायचं ठरवलं. जुन्या डीलरकडे डेटा मागितला. उत्तर अगदी गोड होतं: "डेटा तुमचाच आहे, कधीही घ्या." मिळाला तो पेनड्राइव्हवर एका फाइलच्या रूपात, आणि ती फाइल त्याच प्रोग्रॅममध्ये उघडणारी. पुन्हा विनवण्या केल्यावर पार्टीवार लेजरची पीडीएफ मिळाली, काही शे पानांची. नव्या प्रोग्रॅममध्ये ती पानं कोण टाइप करणार? शेवटी प्रत्येक गिऱ्हाइकाची फक्त ओपनिंग बॅलन्स चढवली. हार्डवेअरचा धंदा गवंडी, मिस्त्री आणि ठेकेदारांच्या उधारीवर चालतो. स्लॅबच्या वेळी माल जातो, पैसे हप्त्याहप्त्याने येतात, कोणता हप्ता कोणत्या बिलापोटी आला यावरच सगळं भांडण असतं. काही महिन्यांनी एक ठेकेदार म्हणाला, दिवाळीतलं बिल मी चुकतं केलंय. मालकाच्या पडद्यावर एक आकडा होता, त्या आकड्याच्या पोटातली बिलं नव्हती. पीडीएफमध्ये शोधाशोध झाली, ठेकेदार चिडला, आणि मालकाने रक्कम सोडून दिली. या माणसाला संगणकसाक्षर कसं करणार आहात? त्याला एक्सेल शिकवून ती बिलं परत येणार आहेत का?

त्यात कायदा बघा. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. जपायची कोणी? दुकानदाराने. नोटीस त्याच्या नावाने येणार, दंड त्याला लागणार. सॉफ्टवेअर विक्रेत्याने ७२ महिने ती उघडून देण्याची व्यवस्था ठेवावी, असं कुठलंही बंधन नाही. वर्षाची वर्गणी संपली, कंपनी विकली गेली, डीलर धंदा गुंडाळून पुण्याला नोकरीला गेला, तरी जबाबदारी काउंटरवरच्या माणसाची. जबाबदारी एकाची आणि किल्ली दुसऱ्याची, ही रचना कोणत्या धंद्यात मान्य केली असती आपण?

महाराष्ट्राने हा प्रश्न एकदा पाहिलेला आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्या फोडल्या, आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरलं. त्या उठावात एक गोष्ट विलक्षण होती: लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे, खतं, हुकूमनामे हुडकून काढून त्यांची होळी केली गेली. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना हे बरोबर कळलं होतं, की आपला गळा त्या कागदात अडकला आहे आणि तो कागद आपल्याला वाचताही येत नाही, आपल्याकडे त्याची नक्कलही नाही. सरकारने त्यावर काय केलं? सगळ्या शेतकऱ्यांना आधी लिहायला-वाचायला शिकवू, मग बघू, असं म्हणत ते बसलं नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने इतर गोष्टींबरोबर असं ठरवलं, की शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावेत, पैसे दिल्याची लेखी पावती मिळावी, वर्षाला हिशेबाचा उतारा मिळावा, पासबुक मागता यावं. त्या कायद्याला सावकारांनी पुष्कळ पळवाटा शोधल्या, कर्जबाजारीपणा काही संपला नाही, हे मान्य. आजचा सॉफ्टवेअर डीलर म्हणजे तेव्हाचा सावकार, असंही मला म्हणायचं नाही. तशी तुलना अन्यायाची होईल. पण त्या कायद्यामागचं तत्त्व पक्कं होतं: हिशेब ज्याच्या नावावर आहे त्याला हिशेबाची प्रत मिळालीच पाहिजे, त्याला वाचता येवो वा न येवो. कुणाकडून तरी तो वाचून घेईल. दीडशे वर्षांनी आपण तिथून मागे आलो आहोत.

"प्रत मिळते की, पीडीएफ देतो ना आम्ही," यावर काहीजण थांबतात. प्रत म्हणजे काय हे मराठी छपाईने आपल्याला चांगलं शिकवलं आहे. युनिकोड रुळण्याआधी श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा व्यवस्थांवर मराठी अक्षरजुळणी चालायची. प्रत्येकाचा संकेत वेगळा, आणि तेव्हा दुसरा मार्ग नव्हता हेही खरंच. पण त्या काळात जुळवलेली पुस्तकं, स्मरणिका, साप्ताहिकांचे अंक आज उघडून बघा. फाइल शाबूत आहे, एक अक्षरही हरवलेलं नाही, आणि पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फॉन्ट नाही, डोंगल ज्या पोर्टला लागायचा तो पोर्ट आता कॉम्प्युटरला नाही, डीटीपीवाल्याने दुकान बदललं. मोडीचं याहून वेगळं काय झालं? शाळांतून मोडी गेली, कागद दप्तरात राहिले. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा राज्यभर मोडी वाचणारी माणसं हुडकावी लागली. कागद असणं आणि कागद वाचता येणं यांच्यात एक अख्खी पिढी आडवी येऊ शकते. दुकानाच्या बाबतीत ती आडवी यायला पिढी लागत नाही, एक रिन्यूअल चुकलं तरी पुरतं.

मग यावर सरकार काही करू शकतं का? बाजारात ढवळाढवळ होईल, शेकडो प्रोग्रॅम आहेत, सगळ्यांना एका साच्यात कसं बसवणार, असा युक्तिवाद होतो. हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही, कारण सरकारने हेच काम आपल्या डोळ्यांदेखत करून दाखवलं आहे. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरच्या उलाढालीला लागू झालं, आणि टप्प्याटप्प्याने ऑगस्ट २०२३ पर्यंत ५ कोटींवर आलं. त्यासाठी बिलाचा एक ठरावीक नमुना आखला गेला: कोणता रकाना कुठे, एचएसएन कोड (मालाच्या वर्गाचा क्रमांक) कसा, तारीख कशी लिहायची. देशातल्या बिलिंग सॉफ्टवेअरवाल्यांनी तो मुकाट्याने पाळला. का? सरकारला माहिती स्वतःकडे यायला हवी होती म्हणून. दुकानदाराची माहिती सरकारकडे जाण्यासाठी साचा बनतो, तीच माहिती दुकानदाराकडे परत येण्यासाठी मात्र साचा बनवणं अशक्य असतं, हे कसं?

क्यूआर कोडचं उदाहरण तर प्रत्येक टपरीवर टांगलेलं आहे. सुरुवातीला एका कंपनीच्या कोडवर त्याच कंपनीच्या ॲपने पैसे द्यावे लागायचे. दुकानासमोर तीन-तीन स्टिकर असायचे. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये कंपन्यांना नवे बंदिस्त कोड आणायला मनाई केली आणि जुने बदलायला मार्च २०२२ पर्यंतची मुदत दिली. आज भाजीवाल्याला यूपीआय कसं चालतं हे माहीत नाही, माहीत असायची गरजही नाही. पण एका कंपनीने त्रास दिला तर तो दुसऱ्या दिवशी दुसरीचा कोड लावतो. मोबाइल नंबर २०११ पासून कंपनी बदलली तरी आपला राहतो. या दोन्ही ठिकाणी जनतेला शिकवून साक्षर केलं आणि मग ती मुक्त झाली, असं घडलेलं नाही. बाहेर पडायचं दार आधी बसवलं. छोट्या करदात्यांसाठी जीएसटी नेटवर्कने मात्र २०१९ मध्ये वेगळाच मार्ग धरला: दीड कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना निवडक आठ कंपन्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर फुकट दिलं. हेतू चांगला होता. पण फुकट दिलेल्या घराला मागचं दार नसेल तर ते भाड्याच्या घरापेक्षा चांगलं कसं?

मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरणारे माझे मित्र इथे हात वर करतात. हिशेबाचं ईआरपीनेक्स्ट तर मुंबईत घडलं, त्याचा स्रोत, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ कोड, कोणालाही खुला आहे, वापरा की. मला त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण तालुक्याच्या दुकानदाराचा सीए टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमात, अकाउंटंट टॅलीत, बँकेचा कर्ज अधिकारी टॅलीतूनच काढलेली स्टॉक स्टेटमेंट मागणारा. १९८६ साली एका उद्योजक पितापुत्रांनी सुरू केलेल्या त्या उद्योगाने गावोगावी अकाउंटंट घडवले, हे त्यांचं कर्तृत्व आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. स्रोत खुला असून शेजारीपाजारी कोणालाच तो वाचता येत नसेल तर दुकानदार एका विक्रेत्याऐवजी एका हौशी तरुणावर अवलंबून राहतो, आणि तो तरुण बंगळुरूला गेला की खेळ खलास. सगळ्यांना एकाच प्रोग्रॅमवर आणणं, मग तो मुक्त का असेना, हा उपाय नव्हे. सगळ्या प्रोग्रॅमांना एकमेकांचं वाचता आलं पाहिजे.

आणखी एक आक्षेप आहे आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. क्लाउडवर गेलात तर हा त्रासच नाही, आणि दुकानातल्या पेटीपेक्षा ते कितीतरी सुरक्षित आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने महापूर पाहिला होता. ज्यांच्या वह्या फडताळात आणि डेटा काउंटरखालच्या सीपीयूत होता, त्यांचं दोन्ही चिखलात गेलं. अशा वेळी दूरच्या सर्व्हरवरची प्रत म्हणजे जीवदान. मी स्वतः दुकानदारांना क्लाउडवर प्रत ठेवायला सांगतो. पण पुरापासून वाचवणारी जागा आपोआप मालकीची होत नाही. वर्गणी थांबली की तिथला हिशेब दिसेल का, उतरवता येईल का, किती दिवस, कोणत्या रूपात? करार इंग्रजीत, 'मान्य' वर बोट ठेवून केलेला. २०१९ च्या विदा (डेटा) संरक्षण विधेयकात स्वतःची माहिती एकीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता, तोही व्यक्तींपुरता. २०२३ च्या कायद्यात तो उरला नाही. युरोपीय संघाने मात्र १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू केलेल्या डेटा कायद्यात क्लाउड सेवा बदलताना ग्राहकाला अडवायचं नाही, असं स्पष्ट लिहून टाकलं, आणि बदलण्यापोटी घेतलं जाणारं शुल्क जानेवारी २०२७ पासून पूर्ण बंद होणार आहे. तिकडच्या छोट्या कंपन्यांना संगणक आपल्यापेक्षा कमी येतो म्हणून हा कायदा झाला का?

म्हणजे शिकायचं काहीच नाही, असं मी म्हणत नाही. शिकायचं आहे, पण आपण आजवर शिकवत आलो ते वेगळंच. एमएस-सीआयटी २००१ पासून महाराष्ट्रात आहे, लाखो मुलामुलींनी ते केलं, सरकारी नोकरीसाठी त्याचं प्रमाणपत्र जोडलं, आणि त्याने संगणकाची भीती मोडली हे मोठंच काम झालं. मात्र नोकरदाराला लागतं ते ज्ञान आणि मालकाला लागतं ते ज्ञान एक नसतं. अनेक दुकानांत मॉनिटरच्या कडेला एनीडेस्कचा (दुरून कॉम्प्युटर चालवण्याच्या प्रोग्रॅमचा) नंबर लिहिलेली चिठ्ठी कायमची चिकटवलेली असते, पासवर्ड दुकानाच्या नावापुढे १२३, आणि डीलरचा मुलगा कधी आत येऊन काय करून जातो याची मालकाला गंधवार्ता नसते. जीएसटी नोंदणीला मोबाइल आणि ईमेल सल्लागाराचा. ओटीपी सल्लागाराला जातो. या मालकाला पायव्होट टेबल कशाला शिकवता? त्याला त्याच्या हिशेबाची फाइल कोणत्या ड्राइव्हवर कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते दाखवा. लायसन्स, ईमेल आणि मोबाइल स्वतःच्या नावावर करून घ्यायला लावा. महिन्याच्या शेवटी बिलवार उधारी, स्टॉक आणि लेजर एक्सेलमध्ये काढून दोन ठिकाणी ठेवायला शिकवा, आणि ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायलाही. हे एका दुपारचं शिक्षण आहे. एवढं आलं की दर बदलायला डीलरला बोलावलं तरी हरकत नाही. आनंदाने त्याचे पैसे द्यावेत.

पण एकट्या दुकानदाराने करारात अट घातली तर डीलर हसेल, हे उघड आहे. इथे व्यापारी महासंघांनी, केमिस्ट असोसिएशनांनी, कृषी सेवा केंद्र चालकांच्या संघटनांनी पुढे आलं पाहिजे. दरवाढीविरुद्ध बंद पुकारणाऱ्या, एलबीटीविरुद्ध (स्थानिक संस्था कराविरुद्ध) बाजारपेठा दिवसेंदिवस बंद ठेवणाऱ्या या संघटनांमध्ये ताकद नाही असं कोण म्हणेल? सरकारकडे मागणी एकच असावी: जसा ई-इन्व्हॉइसचा नमुना ठरवला तसा खतावणी, बिलवार येणी-देणी आणि स्टॉक बाहेर काढण्याचा नमुना ठरवा, आणि जीएसटीसाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरला तो सक्तीचा करा. तो येईपर्यंत संघटनेने आपल्या पातळीवर मराठीत एक पानी करारनामा तयार करावा. करार संपल्यावर नव्वद दिवस पूर्ण डेटा बिलवार तपशिलासह एक्सेलमध्ये मिळेल, त्याचं वेगळं शुल्क नसेल, ७२ महिन्यांच्या आतल्या नोंदी वर्गणी नसली तरी बघता येतील, आणि मालकाला विचारल्याशिवाय कोणी दुरून आत येणार नाही, एवढंच त्यात असावं. ज्या डीलरला हे मान्य असेल त्याचं नाव संघटनेने सभासदांना कळवावं आणि त्याची एएमसी वेळेवर भरली जाईल याची हमीही संघटनेने घ्यावी. एप्रिलमध्ये नव्या आर्थिक वर्षाची रिन्यूअलं सुरू होतात, त्याआधी हा कागद प्रत्येक काउंटरवर पोचवता येईल.